पेटीवालीचा शेवट

मला जपानी मारामारीच्या सिनेमांचं वेड आहे, हे आमच्या वाशीच्या सोसायटीत अजून कुणाला खरं वाटत नाही. पोस्टाच्या काऊंटरवर बसणारी, संकष्टी धरणारी बाई मुंडकी उडताना बघून खूश होते, हे लोकांच्या पचनी पडत नाही. आमचे हे, नंदकिशोर, दाढी करताना गाल कापला तरी मटकन खाली बसतात. त्यांनी मला एकदाच विचारलं, अरुणा, यात तुला काय मिळतं? मी म्हटलं, मजा मिळते. खोटं कशाला बोलू?

पंचाऐंशी साली माझी बदली उरणच्या पोस्टात झाली, तिथून हे सुरू झालं. मोरा कोळीवाड्यातल्या शेवंताबाईंचा मुलगा नामा मालवाहू जहाजावर होता. त्याची पत्रं यायची आणि बाईंना वाचता येत नव्हतं. त्या काऊंटरवरच पत्र पुढे करायच्या, मागची रांग कुरकुरायची. शेवटी मी म्हटलं, शनिवारी अर्धा दिवस असतो, घरीच येऊन वाचते.

घरी गेले तर क्रोशाच्या रुमालाखाली जपानहून आणलेला टीव्ही आणि व्हिडिओ. शेजारी डझनभर कॅसेटी. कुठल्याशा बंदरातलं दुकान बंद होत होतं, तिथून नामानं त्या उचलल्या होत्या. वर काय लिहिलंय ते त्यालाही माहीत नव्हतं. आपल्याकडच्या टीव्हीवर त्या लावल्या तर चित्र नुसतं वर वर सरकायचं, त्या चालायच्या फक्त नामाच्या सेटवर; त्यावर इकडच्या-तिकडच्या दोन्ही कॅसेटी लागायच्या. आळीनं पहिल्या दिवशी दहा मिनिटं बघितलं आणि राम राम ठोकला. माझ्या बसला अजून वेळ होता. मी म्हटलं, लावा की, बघते.

पहिल्याच सिनेमात एका सरदाराची मान उडाली आणि रक्ताचं कारंजं छपरापर्यंत गेलं. आमच्या सेक्टरात आठवड्याला नळाला पाणी येत नव्हतं तेवढं रक्त त्या एका मानेतून आलं. मी आधी किंचाळले, मग इतकी हसले की शेवंताबाई पाणी घेऊन आल्या. दुसऱ्यात एक तुटलेला हात मालकाला शोधत गावभर फिरला. तिसऱ्यात शाळामास्तरणीच्या केसांनी आख्खी पोलीस चौकी गिळली, आणि का गिळली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. दिवसभर मी नियमानं शिक्के मारते. शनिवारी दोन तास नियम नसलेलं काहीतरी बघून डोकं कसं हलकं व्हायचं.

शेवंताबाई मासळी निवडत अर्धवट बघायच्या आणि काय बोलतात ते विचारायच्या. जपानी मला कुठलं येतंय? पण मी ठोकून द्यायचे. त्यांचं लक्ष गोष्टीपेक्षा हत्यारावर. सुरी अशी धरतात होय, म्हणायच्या, बोटं जातील मेल्याची.

सगळ्यांत लाडकी पेटीवाली; हे नाव मीच ठेवलेलं, शेवंताबाईंच्या वतीनं मी लिहायचे त्या उत्तरांतून ते नामालाही कळलं होतं. एका बाईच्या नवऱ्याचं मुंडकं शत्रूनं उडवलेलं असतं. ती ते मुंडकं मिठाच्या पेटीत घालून, पेटी पाठीवर बांधून मारेकऱ्यांना शोधत निघते. रोज संध्याकाळी झाकण उघडते, मुंडकं डोळे उघडतं आणि दोघं चांगली गप्पा मारतात. मला भीती वाटायची, हसूही यायचं आणि रडूही. नवराबायको इतक्या प्रेमानं बोलताना मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात बघितली नव्हती.

शेवंताबाईंना मात्र एकच गोष्ट खटकायची. जन्मभर मासळी खारवलेली बाई ती. "मीठ कमी हाय," त्या दर वेळी म्हणायच्या. "चार दिसान वास मारंल."

हा सिनेमा मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा चारच्या सुमाराला लाईट गेली. शेवटी काय होतं, ती पेटी उतरवते की नाही, मला कळलंच नाही. बटण दाबून पुढे पळवता आलं असतं. पण मधलं गाळून शेवट बघणं मला बेइमानीचं वाटायचं.

आणि हे म्हणणारी मी, त्या एप्रिलात काय करून बसले ते ऐका.

नामाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. त्याचं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचत होते: तब्येत बरी आहे, दहा दिवस आधी पोचतो, बॅन्ड सांगून ठेव. तेवढ्यात पुढची ओळ दिसली. लिहिलं होतं, लग्नाच्या शूटिंगला नवी कॅसेट घेऊ नका, ती पेटीवालीची चांगल्या प्रतीची आहे, तिच्यावरच भरा.

मी ती ओळ गाळली. डोळा खालच्या ओळीवर नेला आणि, तुझा नामा, असं वाचून पत्राची घडी घातली. शेवंताबाईंनी ते नेहमीसारखं कपाळाला लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं.

तो आठवडा माझा वाईट गेला. शिक्के वाकडे पडायला लागले. ज्या बाईला मुलाचा आवाज फक्त माझ्या तोंडून ऐकू येतो, तिच्या मुलाचं बोलणं मी खाल्लं होतं, आणि तेही एका मुंडक्यासाठी. माझी मलाच लाज वाटली. शनिवारी उंबऱ्यातच सांगून टाकलं.

शेवंताबाईंनी डब्यातलं ते पत्र आणून पुढे केलं. "वाच ती वळ." मी वाचली. मग आत जाऊन त्यांनी आख्खा डबाच आणला आणि माझ्यापुढे उपडा केला. "आता समदी वाच. पयल्यापासून."

चौतीस पत्रं होती. मी वाचत गेले आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मधेच माझ्याआधी पुढचा शब्द म्हणायच्या. मग कळलं की प्रत्येक पत्र त्यांना पाठ होतं, त्या नुसतं ताडून बघत होत्या. एकाही पत्रात फरक निघाला नाही. घसा बसला तेव्हा त्यांनी चहा आणून समोर ठेवला. साखर नेहमीएवढीच होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मी नवी कॅसेट आणून द्यायला तयार होते. त्या नको म्हणाल्या. मुलानं लिहिलंय तसंच होणार. विकतच्या कॅसेटवर पुसून भरता येऊ नये म्हणून कडेला एक भोक ठेवलेलं असतं. ते मी स्वतःच्या हातानं पोस्टाच्या डिंकपट्टीनं बंद केलं आणि कॅसेट पनवेलच्या व्हिडिओवाल्याला दिली.

लग्न झोकात झालं. हळदीला मी नाचले, नंदकिशोरसुद्धा नाचले. फक्त वरात निघायच्या वेळी लाईट गेली. व्हिडिओवाल्याचं सगळं यंत्र वायरवर, त्यामुळे वरात काही भरता आली नाही. तो हळहळत राहिला.

पुढच्या शनिवारी कॅसेट बघायला आळी लोटली. नामा आणि नवी नवरी पुढे, मी मागे भिंतीला टेकून. हळद झाली, लग्न लागलं, जेवणं झाली, आणि वरातीचा घोडा दिसतो न दिसतो तोच पडद्यावर मुंग्या आल्या. लोक चपला शोधायला लागले. चित्र दोनदा थरथरलं, आणि समोर समुद्र आला. वाळूवर पेटीवाली बसली होती. वरात भरलीच नव्हती, तेवढा शेवट पुसायचा राहिला होता.

नामा बंद करायला उठला.

"खाली बस," शेवंताबाई म्हणाल्या. "कोनी उठू नका. अरुनाचा शेवट र्‍हायलाय."

सगळे बसले. मी घड्याळ बघितलं; चारला पाच मिनिटं कमी होती. एकदा बल्ब मिचमिचला आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली. पेटीवालीनं तलवार समुद्रात फेकली. मग पेटी उतरवली, झाकण उघडलं, ओंजळीनं पाणी घेऊन नवऱ्याचा चेहरा धुतला. मुंडक्यानं डोळे उघडले आणि काहीतरी छोटंसं म्हटलं. ती खळखळून हसली. आख्ख्या सिनेमात ती पहिल्यांदा हसत होती. मग नुसत्या लाटा.

"काय बोलला गो?" शेवंताबाईंनी विचारलं.

आता मला खोटं बोलायचं नव्हतं. सगळ्यांसमोर सांगितलं की मला जपानी येत नाही, आजवर जे सांगितलं ते मनाचं होतं.

"म्हाईत हाय मना," त्या म्हणाल्या. "तरी सांग. गालू नको."

मी डोळे पुसले.

"तो म्हणतोय, मीठ पुरलं."

शेवंताबाईंनी पडद्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली.