दात असून उपाशी राहिलेल्या श्रेडरचं गाऱ्हाणं

मित्रांनो, खिडकीखालच्या कोपऱ्यात एक कुंडी ठेवलेली दिसते ना? तिच्याखाली काळं, चौकोनी, धुळीनं माखलेलं जे काही दिसतंय, तो मी. मी एक जुना श्रेडर आहे. श्रेडर म्हणजे कागद खाणारं यंत्र. वरच्या फटीत कागद सरकवायचा, बटण दाबायचं, की माझ्या पोटात त्याच्या अशा बारीक पट्ट्या होतात की लिहिणाऱ्यालासुद्धा स्वतःचं अक्षर ओळखू येऊ नये. निदान माझा जन्म तेवढ्यासाठी झाला होता. सध्या मी कुंडीचं स्टूल आहे. सकाळी झाडाला पाणी घालतात, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावर सांडतं आणि माझ्या दातांना गंज चढतो. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. माझ्याकडे दातही होते आणि या घरात चण्यांची रासही होती. तरी मी उपाशी राहिलो. का, ते ऐका. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका लांबलचक शेडमध्ये मला जोडलं. मला तपासणाऱ्या कामगारानं जुन्या कॅलेंडरचं जाड पान माझ्या तोंडात दिलं आणि कानावर हात ठेवून म्हणाला, "काय चावतोय लेकाचा!" ती माझी पहिली शाबासकी. माझे भाऊबंद बँकांमध्ये गेले, वकिलांकडे गेले. मला एका दानशूर माणसानं विकत घेतलं आणि या संस्थेला देऊन टाकलं.

संस्था अडल्यानडल्यांना मदत करते. घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका इथं येतात. मुलांनी उंबऱ्याबाहेर काढलेले म्हातारे येतात. आजार लपवून जगणारी माणसं येतात. आणि मित्रांनो, मदत मागायची म्हणजे आधी सगळं सांगावं लागतं. नाव काय, राहता कुठं, मारतं कोण, आजार कुठला, पोरं कुणाची. पैसेवाल्याला असं कुणी विचारत नाही. गरिबाला मात्र एक जुनी चादर हवी असली तरी काळीज उघडून टेबलावर ठेवावं लागतं. ते काळीज मग कागदावर उतरतं, आणि कागद इकडून तिकडे फिरतात.

तेव्हा इथं अक्का होत्या. कार्यालयाचं सगळं त्याच बघायच्या. गुडघे दुखायचे, उठता बसता "अगं आई गं" चालायचं, पण टेबलावरचा एक कागद त्यांनी कधी उताणा ठेवला नाही. कुणी आत आलं की पहिल्यांदा कागद पालथे, मग नमस्कार. चहावाल्याला त्याची फार गंमत वाटायची.

"अक्का, एवढं काय लपवता हो आमच्यापासून?"

"तुझी बायको इथं येऊन तुझ्याबद्दल काय बोलली, ते सांगू का बाहेरच्या बाकावर जाऊन?"

चहावाल्याचा चेहरा पडला. "ती आली होती?"

"आली असती तरी सांगितलं असतं का मी? बघ आता, कळलं कशाला लपवते ते? कप ठेव आणि पळ."

ज्यांचं काम संपलं त्यांचे कागद, चुकलेल्या प्रती, खाडाखोड झालेली पानं, सगळं दर शनिवारी माझ्या तोंडात पडायचं. एकेक कागद सोडताना अक्का पुटपुटायच्या, "जा बाई, सुटलीस." म्हातारबुवा असले तर, "जा बाबा, सुटलास." मला त्यांनी नाव ठेवलं होतं, कागदखाऊ. "आमचा कागदखाऊ गुणाचा आहे, खाल्लेलं कुणाला सांगत नाही," असं म्हणून त्या माझ्या पाठीवरची धूळ पदरानं पुसायच्या. ते माझे भरल्या पोटाचे दिवस होते.

मग अक्का निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. सगळे त्यांना पाठीमागं काटकसर साहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, तेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या. चालत यायचे, रिकाम्या खोलीतला पंखा स्वतः उठून बंद करायचे, संस्थेच्या चहालाही शिवायचे नाहीत. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला जेवताना पाहिलं आणि धावत आले.

"अहो, थांबा, थांबा! मागची बाजू कोरी आहे की! लोकांच्या दानावर चालतं हे घर. कोरा कागद फाडायचा म्हणजे भरलं ताट उकिरड्यावर टाकायचं."

झालं. छपाई यंत्राशेजारी एक खोका आला. जो कागद एका बाजूनं कोरा असेल तो खोक्यात. त्याला सगळे पाठकोरे म्हणू लागले. पाठकोऱ्यांवर पुन्हा छपाई व्हायची, हिशेबांची बेरीज व्हायची. अर्ध्यातून कापून, चाप लावून त्यांच्या चिठ्ठ्यांच्या वह्या व्हायच्या. आयांबरोबर आलेल्या पोरांना चित्रं काढायला तेच. एका पोरानं झकास हत्ती काढला होता. त्या हत्तीच्या पाठीमागं एका आजोबांच्या रक्ताचा अहवाल होता. हत्ती बरेच दिवस भिंतीवर होता, आणि पोराटोरांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. देणगीदार आले की साहेब खोका उचलून दाखवायचे आणि टाळ्या पडायच्या. मला कुणी काढून टाकलं नाही हो. माझी वायर तेवढी काढली, कारण तिथं पाणी थंड करायचं मशीन लावायचं होतं. मग कुणीतरी डोक्यावर कुंडी आणून ठेवली. दात कोरून पोट भरत नाही, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

आता शिवणवालीकडे येतो. तिच्याचसाठी एवढं बोलतोय.

ती आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता आणि हाताला धरून एक चिमुरडी होती. पोरगी थेट माझ्यापाशी येऊन बसली. कुंडीच्या कडेनं बोट फिरवत तिनं विचारलं, "हे काय आहे?" स्वागताच्या टेबलावर चष्मेवाली ताई बसते, ती म्हणाली, "ते बिघडलंय गं बाळा." बिघडलंय! मी चांगला धडधाकट होतो.

शिवणवालीला आधी आसऱ्याच्या घरात ठेवलं. हातात कसब होतं, तेव्हा कपड्यांच्या दुकानात काम मिळालं. हळूहळू तिनं शिलाई यंत्र घेतलं. मग बेकरीच्या मागच्या गल्लीत जिन्यावरची एक खोली ठरली. पोरगी शाळेत जाऊ लागली. ज्या दिवशी खोलीचं पक्कं झालं त्या दिवशी ती इथं आली आणि चष्मेवालीचा हात धरून म्हणाली, "ताई, एकच मागणं आहे. पत्ता कुणाला कळू देऊ नका. नवऱ्याच्या आईला नाही, माझ्या भावालासुद्धा नाही. भाऊ माझा चांगला आहे, पण दोन घोट पोटात गेले की सगळं ओकतो. तो माणूस आला ना, तर या खेपेला मला सोडणार नाही."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, तुमची शपथ," चष्मेवाली म्हणाली. आणि तिनं ती शपथ पाळली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तोंडून खरंच शब्द निघाला नाही.

खोलीमालकाला संस्थेचं शिफारसपत्र हवं होतं. चष्मेवालीनं ते छापलं. कागद वाकडा ओढला गेला आणि खालच्या ओळी तिरक्या होऊन कापल्या गेल्या. तिनं दुसरं छापलं. वाकडं पत्र खोक्यात गेलं, त्याची पाठ कोरी होती ना! संध्याकाळी तिनं नेहमीसारखी पट्टी लावून पाठकोरे कापले आणि चिठ्ठ्यांची वही केली. वाकड्या पत्राचा वरचा अर्धा भाग वहीत वरच बसला. त्यावर शिवणवालीचं नाव होतं, खोलीमालकाचं नाव होतं आणि गल्लीसकट खोलीचा पत्ता होता. मी खालून बघत होतो.

दोनच दिवसांनी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल, डोळ्यांत पाणी. "ताई, माझी बायको इकडे आली होती असं कळलं. चुकलं माझं. मी माती खाल्ली. पोरीचं तोंड तेवढं एकदा बघू द्या हो."

चष्मेवाली ताठ बसली. "आमच्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, ते आम्ही कुणालाच सांगत नसतो."

त्यानं हात जोडले, गयावया केली. ती बधली नाही. शाब्बास गं पोरी, असं मी मनात म्हणालो. पण शेवटी तिलाही काळीज आहे. समोरचा बाप्या ढसाढसा रडतोय म्हटल्यावर ती जरा नरमली. "हे बघा, आज साहेब नाहीत. उद्या सकाळी या आणि त्यांच्याशी बोला. थांबा, वेळ लिहून देते." तिनं वहीतली वरची चिठ्ठी काढली, कोऱ्या बाजूवर वेळ लिहिली आणि त्याच्या हातात दिली.

मला घसा असता तर मी बोंब ठोकली असती. माझी तर वायरसुद्धा भिंतीत नव्हती.

त्यानं चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर जाऊन खिडकीसमोरच्या बाकावर बसला. तिथं त्यानं ती पुन्हा काढली, वेळ वाचली आणि मग उलटी केली. बराच वेळ वाचत होता. नंतर त्यानं रुमालाची नीट घडी केली आणि उठला. रडणं आटोपलं होतं.

पुढचं मला शिवणवालीकडूनच कळलं. ती काही दिवसांनी आली, तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्या माणसानं दार फोडलं होतं. शिलाई यंत्र जिन्यावरून खाली फेकलं होतं. पोरगी बेकरीत पळाली आणि मैद्याच्या पोत्यांमागं लपली, म्हणून वाचली. भट्टीवरचे कामगार धावले आणि त्याला धरलं, म्हणून आईही वाचली. पण खोलीमालकानं, "ही भानगड माझ्या जागेत नको," म्हणून सामान बाहेर काढलं. पोलिसांनी त्या माणसाच्या खिशातून काढलेली चिठ्ठी तिला दाखवली होती. तिनं त्या चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतले होते, ते तिनं टेबलावर ठेवले.

चष्मेवालीनं स्वतःचं अक्षर ओळखलं. दुसरा फोटो मागच्या बाजूचा होता. तिनं तोंडावर हात ठेवला. "ताई, मी तोंडातून शब्द काढला नाही हो..."

"तोंडातून नाही काढलात. हातानं दिलात."

साहेब बाहेर आले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "फार मोठी चूक झाली. पण आमचा हेतू..."

"साहेब, कागद वाचला ना तुमचा?" शिवणवाली म्हणाली. "वाचला ना? माझं घर गेलं."

मग तिनं सांगितलं, "माझं नाव असलेलं जे जे आहे ते इथं आणा." साहेबांनी नियमांचं काहीतरी काढलं, पण तिच्या प्लास्टरकडे बघून स्वतःच कपाटाकडे वळले. कागद आले. माझ्या डोक्यावरची कुंडी उतरवली. पोरगी म्हणाली, "हे तर बिघडलंय." साहेब खाली बघत म्हणाले, "नाही बाळा. नुसतंच बंद ठेवलं होतं." थंड पाण्याच्या मशीनची वायर निघाली आणि माझी लागली.

मित्रांनो, इतक्या काळानं मला जेवण मिळालं, आणि एवढा कडू घास मी जन्मात खाल्ला नाही. गंजलेले दात करकरले, पण मी एकही पान अडकू दिलं नाही. आईचा हात मोडलेला होता म्हणून पोरगी एकेक कागद मला भरवत होती. शेवटचं पान गेल्यावर तिनं विचारलं, "आई, आता त्याला आपलं घर सापडणार नाही ना?"

आईनं डाव्या हातानं तिचं बोट धरलं. सापडायला घर होतं कुठं?

त्या निघाल्या तेव्हा चष्मेवाली रडत मागं धावली. "ताई, आता कुठं राहणार? सांगून तर ठेवा, काही मदत पाठवता येईल." बोलता बोलता सवयीनं तिनं चिठ्ठ्यांची वही पुढं ओढली होती. शिवणवालीनं त्या वहीकडे पाहिलं. "नको," एवढंच म्हणाली. मदतीची गरज तिला त्या दिवशी सगळ्यात जास्त होती. ती पुन्हा इकडे फिरकली नाही.

त्यानंतर बैठक झाली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! यापुढं पत्ता असलेला कागद खोक्यात टाकायचा नाही, असं ठरलं. खोक्यात आधीपासून साठलेल्या ढिगाला मात्र कुणी हात लावला नाही. एवढा कागद वाया कसा घालवायचा? उन्हाळा आला म्हणून माझी वायर निघाली, पाण्याचं मशीन लागलं आणि कुंडी परत माझ्या डोक्यावर आली. साहेबांनी मोठ्या अक्षरांत एक सूचना छापून घेतली: 'येथे येणाऱ्या प्रत्येकाची माहिती जपणे हे आपले कर्तव्य आहे.' माझ्या वरच्याच खिडकीच्या काचेला ती चिकटवली आहे. आत बसणाऱ्यांना ती छान वाचता येते.

बाहेर बाकावर बसणाऱ्यांना तिची मागची बाजू वाचता येते. सूचना पाठकोऱ्यावर छापली आहे. मागं एका आजीचं नाव आहे, तिची गल्ली आहे, आणि ती घरात एकटीच असते असं लिहिलेलं आहे.

मित्रांनो, तुमच्यापुढं कुणी आपलं दुःख मांडलं, तर कागदाची मागची बाजू कोरी आहे का हे बघू नका. पुढच्या बाजूला माणूस आहे, एवढं बघा. आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर आत्ता उठा आणि खिडकीवरचा तो कागद काढा. कुंडी उतरवा, माझी वायर लावा. माझे दात गंजलेत, पण त्या आजीपुरतं मी अजून चावू शकतो. लवकर करा. बाहेर बाकावर आत्ताच कुणीतरी येऊन बसलंय.