आई बसली की बंद पडणारी गाडी

फ्यूजच्या काचेतली तार शाबूत होती. केसाएवढी बारीक, मधोमध जराशी झोळ पडलेली… मिस्त्रींनी फ्यूज चिमटीत धरून उजेडाकडे केला तेव्हा त्यानेही मान वाकडी करून पाहिलं, आणि पाहता पाहता पेट्रोल आणि अंगाचा साबण यांचा मिसळलेला वास आला – रविवारचा, बाबांचा – जो इथे येण्याचं काही कारण नव्हतं, कारण या गॅरेजमध्ये साबण नावाची वस्तू कधी पोचली असेल असं वाटत नव्हतं.

"हा पण चांगला," मिस्त्री म्हणाले. फ्यूजने दगा दिल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

सकाळपासून सगळंच चांगलं निघत होतं. बॅटरी चांगली, प्लग चांगले, कॉइल चांगली. डावा इंडिकेटर लावला की वायपर एकदा दचकून उठायचा आणि परत आडवा व्हायचा, पण ते मिस्त्रींच्या मते गाडीचं वय होतं, आजार नव्हे. बंद पडण्याचा आजार मात्र ती दाखवायलाच तयार नव्हती. डॉक्टरांच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी गुणी गुणी गुरगुरत उभी होती.

उद्या आईला मावशीकडे जायचं होतं, आणि दारात गाडी असताना ती दोन बस बदलून जाणार होती. बाबा गेल्यापासून ती गाडीत बसली नव्हती. "मी बसले की बंद पडते ती," असं म्हणाली, चहात साखर कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

"आई, इंजिनाला कळत नाही गं, शेजारी कोण बसलंय ते."

"तुमच्या नव्या गाड्यांना नसेल कळत. हिला कळतं."

म्हणून तो रजा टाकून इथे आला होता. दोष कुठेही सापडू दे – टाकीत, बॅटरीत, डिकीत – फक्त आईपासून लांब सापडू दे, म्हणजे संध्याकाळी घरी जाऊन तिला दारातूनच सांगता येईल की बघ, तू नव्हतीस.

गाडी बंद पडायची ती आवाज न करता. म्हणजे आवाजच बंद पडायचा… इंजिन एकदम गप्प, आणि गाडी आपल्याच तंद्रीत पुढे जात राहिलेली, खाली नुसती टायरांची सळसळ, आणि त्या सळसळीत बाबांचं "झालं!" – मग कडेचं एखादं झाड, वर उचललेलं बॉनेट, त्याच्या आड बाबांचे फक्त पाय, ताई डबा उघडून आधी झाकणाला लागलेलं चाटून घेतेय, आई पदराने वारा घेत विचारतेय, "माझ्यामुळे का हो?", आणि बॉनेटच्या आतून आवाज, "छे! कार्बोरेटर." बरीच वर्षं त्याची समजूत होती की कार्बोरेटर हे बाबांच्या ऑफिसातल्या कुणा दुष्ट साहेबाचं आडनाव आहे. एकदा घरी पाहुणे आले तेव्हा तो पलंगाखाली लपला होता, कारण ताईने सांगितलं होतं, कार्बोरेटर आलेत.

"चला, एक चक्कर मारू," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही चालवा, मी ऐकतो." शेजारी बसताना त्यांनी सांगून ठेवलं की ते डोळा लागलेल्या ट्रकवाल्यांच्या बाजूला बसून घाट उतरलेले आहेत, आणि भीती ही चीज त्यांच्या अंगातच नाही.

गाडी छान चालली. चढावर चालली, खड्ड्यांतून चालली. मग बाजाराच्या वळणावर एक माणूस सायकलवरून दार घेऊन आला. अख्खं दार, कडीकोयंड्यासकट, पाठीला बांधलेलं… त्याने वळण घेतलं तसं ते दार त्यांच्यासमोर उघडल्यासारखं आडवं झालं, मिस्त्रींनी "अयाया!" म्हणून दोन्ही पाय खाली रोवले, आणि इंजिन गप्प झालं.

सळसळ. त्याने ब्रेक दाबला. दार निघून गेलं.

"पडली!" तो ओरडला.

"पडली!" मिस्त्री त्याहून मोठ्याने ओरडले. दोघांनी हात मिळवले. मागच्या रिक्षावाल्याला, भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीत हे कसलं अभिनंदन चाललंय ते कळेना, आणि त्याने हॉर्नवर हात ठेवून दिला.

"मी घाबरलो नव्हतो," मिस्त्री म्हणाले. "पाय आपोआप गेला."

मग ते एकदम थांबले. पाय उचलला – चावी फिरवल्यावर गाडी सुरू. पाय दाबला, गाडी बंद. परत सुरू, परत बंद. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पेटी शिकणाऱ्या माणसाचा आनंद पसरला.

गॅरेजमध्ये परत आल्यावर त्यांनी शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचललं. एका जागी ते झिजून जाळीदार झालं होतं, चपलेएवढ्या जागेत. "इथं कुणीतरी वर्षानुवर्षं ब्रेक मारलाय, साहेब. नसलेला."

त्याला सांगायची गरज नव्हती. आईला गाडी येत नव्हती, पण ब्रेक येत होता. समोर म्हैस आली, सायकल आली, बाबा ट्रकच्या पुढे काढायला लागले, की तिचा उजवा पाय जायचा, ओठ मिटलेले, हात मांडीवरच. मागच्या सीटवरून तो आणि ताई एकमेकांना चिमटे काढायचे – मारला बघ.

झिजलेल्या जागेखालून एक पिवळी वायर गेली होती. "ही कंपनीची नाही," मिस्त्री म्हणाले आणि तिचा माग काढत सीटखाली एका छोट्या बटणापर्यंत पोचले. चोरस्विच. हे बटण बंद केलं की चावी असली तरी गाडी सुरू होत नाही… शेजारी कुणाची तरी स्कूटर चोरीला गेली होती त्या उन्हाळ्यात बाबांनी ते बसवलं होतं, पडदे ओढून घेतल्यासारख्या आवाजात बोलत. चोर कधी आला नाही. त्या स्विचच्या वायरीने आयुष्यभर एकाच माणसाला गाडी थांबवू दिली, आणि ते माणूस काही गाडी पळवून नेणाऱ्यातलं नव्हतं.

"आणि हे बघा." वायर तिथे आतून तुटली होती, जोडली होती, वर टेप; पाय पडला की जोड सुटायचा. टेपवर टेप – खालची कडक होऊन तडकलेली, वरची अजून मऊ. आणि वरच्या टेपचं टोक स्वतःवरच दुमडून त्याचा छोटासा कान केलेला होता.

असा कान एकच माणूस करायचा. पार्सलांवर, चष्म्याच्या मोडक्या काडीवर, त्याच्या फुटलेल्या गुडघ्याच्या पट्टीवरसुद्धा… "पुढच्या वेळी टोक सापडायला नको का?" बाबा म्हणायचे.

"ज्याने हे केलंय त्याला ठाऊक होतं की," मिस्त्री म्हणाले. "मग दोन बोटं बाजूला घ्यायची ना वायर! कायमचं मिटलं असतं."

दोन बोटं. रविवारच्या रविवारी बॉनेटमध्ये डोकं घालून बसणारा माणूस, काकांनी हसावं, शेजाऱ्यांनी गाडी ढकलावी, आणि आईने विचारलं की "छे!" – आपणच घातलेल्या वायरीची लाज वाटली असेल, की तिला वाईट वाटू नये म्हणून, की… की तिने घाबरून पाय दाबावा आणि जगाने खरंच थांबावं, एवढं एक तरी तिच्याजवळ असू दे असं वाटलं असेल? की काहीच नसेल, आळस असेल? तो मागच्या सीटवर होता. त्याला फक्त टाळूवरचं ऊन आठवत होतं, आणि बॉनेटच्या आड बाबा शीळ घालायचे ते. अडचणीत सापडलेला माणूस शीळ घालत नाही.

"वरून फिरवू का, साहेब? मग कुणी नाचलं तरी बंद पडणार नाही."

"थांबा जरा," तो म्हणाला. मिस्त्री थांबले, बिडी ओढून झाली तरी थांबले. मग तो म्हणाला, "घ्या वरून."

आई दारातच होती. हॉलमध्ये तिची बॅग भरून ठेवलेली होती, बसमध्ये मांडीवर मावेल एवढीच.

"सापडलं?"

"सापडलं. एक वायर होती. बाबांनी जवळजवळ दुरुस्त केलीच होती. थोडं राहिलं होतं."

तिने पदराने हात पुसले, कोरडेच. "माझ्यामुळे नव्हतं ना?"

येताना वाटभर त्याने हे गमतीत कसं सांगायचं ते जुळवून आणलं होतं, मिस्त्रींच्या अयाया!सकट. तोंड उघडलं आणि म्हणाला, "नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाजारात फळ हातात घेऊन बघावं तशी. मग "बरं" म्हणाली, चपला घातल्या आणि गाडीत येऊन बसली. "एक चक्कर मारून दाखव."

पुढच्या वळणावर एक पोरगं चेंडूमागे धावत आलं. तिचा पाय गेला. त्याने वेळेवर ब्रेक दाबला, पोरगं पळालं, आणि तो वाट पाहू लागला… गप्प होण्याची, सळसळीची. इंजिन आपलं चालूच. इतकं चालू की त्याला ते असभ्य वाटलं.

आई समोर बघत होती. पाय अजून दाबलेलाच.

"चालतेय की," ती म्हणाली.

तिच्या आवाजात सुटका होती की काहीतरी हरवलं होतं, हे त्याला ओळखता येईना. ती आणखी काही बोलेल म्हणून त्याने गाडी हळू केली, आणखी हळू केली, आणि घराकडे वळायचा रस्ता डाव्या हाताला मागे निघून गेला तरी तो सरळच जात राहिला.