चंद्रकलेने घातलेली वेणी

माझ्या वेणीचा गावात दरारा होता. सकाळी घट्ट घातली की दिवेलागणीपर्यंत एक केस हलायचा नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली बाई मी पहिलीच, त्यामुळे कोणाला बोट ठेवायला जागा म्हणून मी ठेवली नव्हती. हे आधी सांगते, कारण पुढे त्याच वेणीचं जे झालं ते मी आजही चारचौघांत मिरवते.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. सानगडीपासून कोसभर आत असलेल्या गावात मी चौथीला शिकवत होते. वर्गात चंद्रकला नावाची मुलगी होती. हाताची घडी घालून, डोळे मोठे करून बसायची, पण काही विचारलं की मुकी. हेडमास्तर केवळराम गुरुजींनी तिला दगड ठरवून टाकलं होतं. तिची आई सुंदरबाई एकदा शाळेत येऊन स्पष्टच सांगून गेली, "बाई, औंदा पास झाली तं पाचवीले सानगडीले धाडीन. नाई तं घरी बसून बिड्या बांधू दे तिले. मी एकटी कुठवर पुरू?"

माझी एक खोड होती. दर रविवारी वर्गातल्या एका मुलाच्या घरी जायचं. अभ्यासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पोरगं घरी काय करतं, कशात रमतं, ते चहा पीत बघत बसायचं. केवळराम गुरुजी म्हणत, "निर्मलाबाईंना फुकटचा चहा फार आवडतो." म्हणोत बापडे. वर्गातल्या ईश्वरला पाढे चालता चालता पाठ होतात आणि खाली बसवला की तो विसरतो, हे मला त्या चहातच कळलं होतं. तेव्हापासून तो व्हरांड्यात फेऱ्या मारत पाढे म्हणायचा.

चंद्रकलेच्या घरी गेले तेव्हा मायलेकी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. पोरीची बोटं पानावर भराभर चालत होती आणि तोंडाने ती धाकट्या बहिणीला माझा भूगोलाचा धडा सांगत होती. जसाच्या तसा! मध्येच मी खोकले होते, ते खोकणंसुद्धा तिने सोडलं नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"मग वर्गात का नाही गं बोलत?"

बिडी वळता वळताच ती म्हणाली, "तिथं हात बांधून बसा लागते ना बाई. हात थांबले का मले काईच सुचत नाई."

बिड्या काही मी वर्गात येऊ देणार नव्हते. पण धानाच्या गावात तणसाला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, काय तोटा? मी तिच्यापुढे तणसाची पेंढी टाकली. ती दोरी वळत बसायची आणि कान माझ्याकडे असायचे. हळूहळू पोरगी बोलायला लागली, मग तर थांबवावी लागायची. केवळराम गुरुजी कचरा बघून चिडायचे. "ही शाळा आहे की खळं?" "दोन्ही," मी म्हणायचे, आणि पदर खोचून स्वतः झाडून काढायचे.

मार्चअखेर पंचायत समितीचे साहेब चौथीची तोंडी परीक्षा घ्यायला आले. गुरुजींनी आदल्या दिवशी वर्ग सारवून घेतला होता, तणसाची काडी शिल्लक ठेवली नव्हती. सुंदरबाईने तर कमालच केली. साहेबांसमोर पोरगी शहाणी दिसावी म्हणून तिचे हात घासून घासून धुतले आणि बजावलं, "काई झालं तरी हाताची घडी सोडू नोको." वर स्वतः खिडकीशी येऊन उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, "आपल्या जिल्ह्यात वैनगंगेला कोणत्या नद्या मिळतात?"

चंद्रकला उभी राहिली. घडी घट्ट. ओठ हलेनात. हेच उत्तर तिने मला दहा वेळा दिलं होतं.

"बसा. पुढची मुलगी," साहेब म्हणाले.

माझं डोकं तापलं. वर्षभर मेहनत करायची आणि चांगल्या दिसण्यापायी पोरीने बिड्यांच्या सुपाशी परत जायचं? "थांबा साहेब," मी म्हटलं. इकडेतिकडे बघितलं, वळायला काही म्हणजे काही नव्हतं. मग मी रिबन ओढली, वेणी सोडली आणि चंद्रकलेकडे पाठ करून जमिनीवर बसले.

"घाल माझी वेणी."

"अहो बाई!" केवळराम गुरुजींच्या तोंडून एवढंच निघालं. साहेब चष्मा काढून बघत राहिले. चंद्रकला हलेना, आईने घातलेली आण ती कशी मोडणार? तेवढ्यात खिडकीतून सुंदरबाईचा आवाज आला.

"सोड व माय ते घडी. घाल बाईची वेनी."

माझ्या मानेवर गार बोटं टेकली. केसांचे तीन पेड झाले.

"वाघ," ती पुटपुटली आणि एक पेड वळला. "बावनथडी." दुसरा वळला. "सूर. अन् मंग आपली चुलबंद!" आवाज चढत गेला. साहेबांनी चौदाचा पाढा विचारला, कविता विचारली, तोंडी हिशेब घातले. तिची बोटंही थांबली नाहीत आणि तोंडही. माझे डोळे भरून आले होते. तोंड भिंतीकडे होतं म्हणून बरं.

"पास," साहेब म्हणाले. "पण बाई, पाचवीत हिच्यासाठी कोण वेणी सोडणार?"

"तिथल्या मास्तरांना मी आधीच भेटून येईन," मी म्हटलं. "नाहीच ऐकलं तर तणसाचा भारा घेऊन जाईन."

साहेब मोठ्याने हसले. सुंदरबाई मात्र खिडकीत पदराने डोळे पुसत होती.

सगळे गेल्यावर केवळराम गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, वेणी पार वाकडी झाली आहे. आरसा देऊ का?"

"मुळीच नको," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी तशीच सानगडीच्या भर बाजारातून गेले, मान ताठ ठेवून, रोजच्यापेक्षा सावकाश. भाजीवाली रुखमा तराजू धरल्या हाती बघतच राहिली.

"बाई, आज वेनी अशी कशी व?"

"चंद्रकलेने घातली," मी म्हटलं. "आमची चंद्रकला. पाचवीला येते आहे इथे."