हाड आणि हाक

‘पळायचं नाही. पळालं की त्याला वाटतं, ही शिकार आहे. जागच्या जागी उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही, आणि पोटातून आवाज काढायचा, हाड! काठी मात्र उगारायची नाही हं, कौमुदी. दत्तमहाराजांच्या पायाशी बसणारं जनावर ते.’

देवरुखच्या घराच्या पायरीवर बसून आण्णांनी हे सांगितलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती. आणि आज, सौदी अरेबियातल्या हाइल शहराच्या कडेच्या उघड्या माळावर, सकाळी सव्वासात वाजता, कौमुदी आण्णांचा शब्द न् शब्द पाळत होती. ती पळाली नव्हती. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती. पोटातून ओरडत होती, “हाड! हाड! हाड!”

आणि समोरची पाच कुत्री मागे सरायचं सोडून तिच्याच अंगावर येत होती.

सगळ्यांत पुढे ती फाटक्या कानाची कुत्री. कौमुदीने ड्रेसिंगच्या सामानाची पिशवी पुढ्यात धरली, आडवी-आडवी सरकत माळ ओलांडला आणि पलीकडच्या गल्लीत शिरली, तेव्हा अबायाच्या आत अंग घामाने भिजलं होतं. जानेवारीच्या थंडीत.

रोज हेच. अठरा दिवस झाले, रोज.

“आलीस गो?” इस्मतखाला दार नुसतं लोटून, पाय पाटावर ठेवून बसल्या होत्या. “आज उशीर झाला तुला.”

“कुत्र्यांनी अडवलं, खाला.”

“मेल्यांना तुजाच वास कसा येतो? माजा अरीब रोज जातो, त्याच्याकडं ढुंकून बघत नायत.”

“अरीब गाडीतनं जातो, खाला.”

“हां. ता पण खरा,” खाला म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

खाला दाभोळच्या. नवऱ्यामागे तीस वर्षांपूर्वी इथे आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या. मुलगा अरीब गव्हाच्या शेतांवर पाणी सोडायच्या यंत्रांचा मेकॅनिक. तो पहाटे निघायचा तो अंधार पडल्यावर यायचा. खालांच्या साखरेने डाव्या पायाच्या करंगळीशेजारचं बोट धरलं होतं. रोज ड्रेसिंग झालं नाही तर बोट जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कौमुदी ज्या दवाखान्यात नर्स होती, तिथल्या फिलिपिनो सिस्टरने पायाला हात लावला, तशा खाला किंचाळल्या होत्या. कौमुदी पुढे झाली आणि म्हणाली, “दुखतंय होय? दुखू दे. मी आहे ना.” खालांनी पाय सोडून दिला. मराठी ऐकून दिला, असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या.

त्याच दिवशी कौमुदी अरीबला म्हणाली होती, “जखम भरेपर्यंत रोज ड्यूटीच्या आधी मी येईन.” बोलून गेली, आणि बोललं ते नेमात धरलं. तिचे नेम साधे होते. पहाटे जपाच्या अकरा माळा, गुरुवारचा उपास. कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या दत्ताच्या तसबिरीपुढे तिने सांगून टाकलं, खालांचं ड्रेसिंग झाल्याशिवाय चहा घेणार नाही.

नेम कुणी मोडायला लावला तर त्याचा राग येतो. कौमुदीला राग क्वचित यायचा. ह्या अठरा दिवसांत मात्र तो पोटात साठून राहिला होता.

नर्सेसच्या क्वार्टर्सच्या गेटाबाहेर कचऱ्याचा मोठा डबा होता, त्याला झाकण नव्हतं. कुत्री जमायची ती तिथे. तिने दवाखाना चालवणाऱ्या कंपनीच्या मेंटेनन्सला चार वेळा तक्रार टाकली. चारही वेळा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर हिरवी खूण आली, तक्रार निकाली. झाकण आलं नाही. पाचव्यांदा तिने फोनच केला.

“सिस्टर, सिस्टममध्ये तर क्लोज दिसतंय,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“सिस्टममध्ये क्लोज आहे, डबा ओपन आहे!”

तो हसला. तिला वाटलं, फोन भिंतीवर आपटावा.

गेटावरचा फकरुद्दीन मात्र भला माणूस. बिहारचा. त्याने पहिल्याच आठवड्यात खजुराच्या झाडाची सोट्यासारखी फांदी तासून ठेवली होती. “सिस्टर, डंडा ले लीजिए.”

“नहीं भैया, हमारे में कुत्ते को मारते नहीं.”

“अच्छा,” असं म्हणून त्याने मान मोठ्या आदराने हलवली होती. पुन्हा कधी काठीचं नाव काढलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, फाटक्या कानाच्या कुत्रीने तिची पोटरी धरली. कौमुदी हाड हाड ओरडत होती, आणि ती कुत्री शेपूट हलवत सरळ पिशवीवर झेपावली. पिशवी वर उचलली तशी खाली पाय सापडला. रक्तबंबाळ पायाने कौमुदीने खालांचं ड्रेसिंग केलं, मग दवाखान्यात जाऊन स्वतःचं.

“वेडी आहेस का तू?” नर्सिंग इन्चार्ज अमिता मॅडम नागपूरच्या. तिला अँटीरेबीजचं पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलं, आणि देताना जरा जोरातच दिलं. “होम व्हिजिट आपल्या पॉलिसीत आहे का? नाही. उद्या तुझं काही झालं तर उत्तर कोण देईल? मी! आजपासून गेटाबाहेर पायी नाही. दवाखान्याच्या व्हॅनमध्ये बसायचं, व्हॅनमधून उतरायचं. खलास.”

“मॅडम, मग व्हॅनच दोन मिनिटं त्यांच्या गल्लीत...”

“व्हॅनचा रूट ठरलेला आहे.”

“बोट जाईल हो त्यांचं.”

“आणि तुझा पाय?” अमिता मॅडमचा आवाज खाली आला. “कौमुदी, सही कर इथे. प्लीज.”

तिने सही केली.

बुधवारी सकाळी ती व्हॅनमध्ये खिडकीशी बसली. चहा घेतला नव्हता. ड्रायव्हर अजून यायचा होता. तेवढ्यात एक जुना पिकअप कचऱ्याच्या डब्याशी थांबला. पांढऱ्या दाढीचा, अंगावर मेंढीच्या कातडीचा कोट घातलेला सौदी म्हातारा उतरला. त्याने मागून भात-मटणाचं भलंमोठं घमेलं ओढलं आणि मोकळ्या गळ्याने साद घातली.

“हाक! हाक! हाक!”

माळाच्या चारी कोपऱ्यांतून कुत्री धावत आली. पाच नव्हती, चांगली नऊ-दहा होती. सगळ्यांत पुढे फाटका कान, शेपूट हलवत.

कौमुदी व्हॅनमधून खाली उतरली. लंगडत गेटाशी गेली.

“भैया, ये क्या बोलता है?”

“हाक? हाक माने, ले लो. खाना ले लो,” फकरुद्दीन म्हणाला. “ये बाबा तो रोज आता है, फज्र की नमाज़ के बाद. आपके जाने के थोड़ा पहले या थोड़ा बाद.” मग तो भाबडेपणाने हसला. “आप भी तो रोज यही बोलती थीं, सिस्टर. हाक, हाक.”

“मैं हाक नहीं, हाड बोलती थी! हाड माने भागो!”

फकरुद्दीनचं हसू हळूहळू मावळलं. “हम समझे आप खिलाने को बुलाती हैं. डंडा भी नहीं लिया आपने. हम सोचे, सिस्टर का धरम है.”

 एकोणीस दिवस ती पोटातून ओरडत होती, या, जेवायला या. आणि आलेल्यांपुढे पिशवी धरून काहीच न देता निघून जात होती. कुठलं जनावर चिडणार नाही? तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. राग मात्र गेला नाही. उलट तो आता कुणावर काढायचा, हेच कळेना. म्हाताऱ्यावर? तो तर पुण्य करत होता. आण्णांवर? त्यांनी देवरुखच्या कुत्र्यांसाठी सांगितलं होतं. एकोणीस दिवसांत एकदाही कुणाला विचारलं नाही, म्हणून स्वतःवर? ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. “यल्ला, सिस्टर, चलो!”

तिने व्हॅनमधून खालांना फोन लावला.

“मी बांधलाय गो पाय,” खाला म्हणाल्या. “हळद लावून बांधलाय. घट्ट. तू तुजा पाय बघ.”

“हळद? घट्ट? खाला, सोडा तो! आत्ता सोडा!”

“बरं, बरं, सोडते. ओरडू नको.”

त्यांनी सोडला नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी अरीबला सुट्टी होती, तो गाडी घेऊन आला आणि कौमुदीला घरी घेऊन गेला. कौमुदीने पट्टी कापली. करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. शेजारी करंगळीही.

“ताई?” अरीबने विचारलं.

“मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. आजच.”

शनिवारी दोन्ही बोटं काढली.

तेरा दिवसांनी खाला घरी आल्या. त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, अरीब कौमुदीला घेऊन गेला. खाला भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय उशीवर. कौमुदीने पट्टी उघडली, शिवण पाहिली, सलाइनने पुसली. तिची मान मात्र वर होईना.

“माझ्यामुळे झालं, खाला.”

“उगी. हळद मीच लावली ना? का ती पण तूच लावलीस?” खालांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “तीन मुलं झाली ह्या पायांवर, बाजार केला, हजला दोनदा चालून आले. दोन बोटं दिली तर काय बिघडलं? आठ हायत की अजून.” मग दुसरीकडे बघत त्या म्हणाल्या, “आता मात्र तू येव नको गो. कुत्री हायत. अरीब बघील काय ता.”

अरीब पहाटे निघणार होता, हे दोघींनाही माहीत होतं.

“उद्या सव्वासातला येते,” कौमुदी म्हणाली.

“आणि तुजी ती मॅडम?”

कौमुदीचं दुपारीच विचारून झालं होतं. अमिता मॅडमनी कॉम्प्युटरवरून नजर काढली नव्हती. तशाच म्हणाल्या होत्या, “तू मला विचारलंच नाहीस. मी नाही म्हटलंच नाही. आणि पट्टी दोन इंची घे, चार इंची बोटांजवळ नीट बसत नाही.”

“मॅडम काही म्हणत नाहीत,” कौमुदी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अकरावी माळ संपली. पोटरीवरची जखम अजून ओढत होती, भरभर चालता येत नव्हतं. म्हणून ती रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी निघाली. फकरुद्दीनने न बोलता गेट उघडलं. माळावर कुत्री उन्हाच्या पहिल्या तिरिपीत पसरून पडली होती. दोघा-तिघांनी माना वर केल्या.

कौमुदीने ओठ मिटून घेतले आणि माळाच्या कडेकडेने, हळू, एकेक पाऊल टाकत ती पलीकडच्या गल्लीकडे चालू लागली.