हार्ड डिस्क थांबल्यावर

"दादा, ती रजई काढ आधी. आतल्या आत तापून मरेल ते मशीन."

"मरू दे. निदान गप्प तरी बसेल!"

माझ्या भावानं कॉम्प्युटरच्या डब्याला थंडीतल्या तान्ह्या बाळासारखं गुंडाळून ठेवलं होतं. तरी घरघर ऐकू येतच होती. डबा दुसऱ्या खोलीत न्यावा, तर माइकची वायर हातभर. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणून मला बोलावलं, आणि मी येईपर्यंत यानं हा उपाय करून ठेवला.

वहिनी माइकसमोर पाठ ताठ करून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते, दुसरा इलाज उरला नव्हता. म्हणजे वहिनींचा आवाज होता तो आजच्यापुरताच. तो साठवून ठेवायचा हा हट्ट दादाचा. मोबाइल तेव्हा फक्त बोलण्यापुरते होते, म्हणून मी दुकानातला चांगला माइक आणला होता.

बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात वहिनींची सगळी नोकरी गेली. ड्रायव्हर मंडळी त्यांना भोंगाबाई म्हणत. त्यांनी माइक हातात घेतला की पाणी प्यायला उतरलेला माणूस बाटली तशीच टाकून पळत सुटे. पण घरात त्या इतक्या हळू बोलत की शेजारणींना ही तीच बाई असं खरं वाटत नसे.

मी रजई काढली, डब्यातल्या पंख्याचा वेग कमी केला आणि हार्ड डिस्क शांत सेटिंगवर टाकली. तशी ती माहिती शोधताना धावपळ करत नाही, सावकाश काम करते. करकर थांबली. पण आतली तबकडी फिरतच होती, घरघर काही जाईना.

"तेवढं चालेल," मी म्हणालो. "वहिनी, बोला काहीतरी."

वहिनींनी घसा साफ केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! फलाट क्रमांक चारवरील गाडी..."

मी ते परत लावून दाखवलं. त्या आजारातही आवाज असा खणखणीत आला होता, की मी बघतच राहिलो. दादाचं तोंड मात्र उतरलं.

"ही स्टँडवरची आहे. मला घरातली हवी."

"मी काय मुद्दाम करते का हो?" वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "ते खाली घरघरायला लागलं की गाडी लागलीय असंच वाटतं. आवाज आपोआप चढतो."

मला हसू आलं, आणि लगेच गेलंही. जन्मभर ही बाई इंजिनांच्या वर बोलत आली होती. आता आवाजाच्या शेवटच्या दिवशीही तिच्या पायाशी आम्ही एक इंजिनच ठेवलं होतं.

मग मी विजेची सेटिंग उघडली. काम नसलं की डिस्क किती वेळानं बंद व्हावी, ते तिथे ठरवता येतं. मी सगळ्यात कमी वेळ टाकला, बाकीचं सगळं बंद केलं आणि रेकॉर्डिंग डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवर घ्यायचं ठरवलं.

"आता कुणी माउसला हात लावायचा नाही," मी रेकॉर्डिंग चालू करत म्हणालो. "काम मिळालं नाही की डिस्क झोपेल. तोवर गप्प बसा."

आम्ही बसलो. दादा तर परीक्षेच्या हॉलमधल्यासारखा बसला. मग डब्यातून बारीकसा टक् आवाज आला, आणि घरघर खाली खाली जात विझली.

आयुष्यभर मी ही मशीनं उघडली, जोडली. पण एक तबकडी थांबली की तिच्यामागे एवढी शांतता असते, हे मला त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू येत होता, दादाचा श्वास ऐकू येत होता. ही खोली आजवर आम्ही कधी ऐकलीच नव्हती असं वाटलं.

वहिनींचे खांदे सैल पडले. माइककडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या दादाकडे बघत होत्या.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "चला जेवायला. वाढलंय."

"आलो," म्हणत दादा उठला.

आम्ही नुकतेच जेवून हात धुतले होते. पण तो उठला, खुर्ची करकरत मागे सरली, आणि दारापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी थक्क होऊन बघत होतो. त्या हाकेत काय होतं देव जाणे, त्याचे पाय त्याला न विचारताच निघाले होते.

"बिघडवलं मी," तो म्हणाला. "पुसून टाक रे. परत घेऊ."

मी माउसकडे हात नेला. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, भाऊजी. जेवायला हाक मारली आणि कुणी ओच दिली नाही, तर ते घर कसलं?"

दादा आमच्याकडे पाठ करून दारातच उभा होता. रेकॉर्डिंग अजून चालू होतं. मी ते थांबवलं नाही.