दादाच्या पोटातलं आतडं

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर माझा दादा उघड्या पोटाने पडला होता आणि हस्तसिद्ध महाराजांची बोटं थेट त्याच्या पोटात शिरली होती! रक्त ओघळलं. "बघा, बघा! वैऱ्यानं आत जनावराचं आतडं रुजवलंय!" असं ओरडत त्यांनी एक लिबलिबीत तुकडा उपसला. पोट पुसलं, तर साधा ओरखडाही नाही. लोकांनी हात जोडले. वहिनी रडत होती. माझाही क्षणभर विश्वास बसला, खोटं कशाला बोलू?

चूक माझीच होती. मी प्रयोगशाळेत तपासणीच्या काचपट्ट्या तयार करते. दादाच्या पोटाची दुर्बिणीने तपासणी झाली, तिचा अहवाल मी जेवता जेवता वाचून दाखवला, "जठराच्या अस्तरात आतड्याच्या पेशी आढळल्या," आणि उशीर होतो म्हणून कामावर पळाले. वेल्डिंगच्या ठिणग्यांना न भिणारा दादा त्या एका वाक्याने पार हबकला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून त्याने महाराजांना गाठलं.

"तुकडा लगेच जाळा. कुणी निरखून पाहिला तर करणी उलटेल!" महाराजांनी बजावलं. आमच्या कामात मात्र शरीरातून निघालेला तुकडा तपासल्याशिवाय टाकत नाहीत. तुकडा टाकलेली बादली बाहेर नेण्याच्या निमित्ताने मी तो रुमालात घेतला.

दोन दिवसांनी दादाला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. एका काचेवर त्याच्या बोटातला रक्ताचा थेंब, दुसरीवर महाराजांच्या तुकड्यातलं रक्त.

"तुझ्या तांबड्या पेशी बघ. मधे काही दिसतं?"

"नाही गं."

"आता ही काच."

"हिच्यात प्रत्येक पेशीत गडद ठिपका आहे."

"तसा ठिपका पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत असतो, माणसाच्या नाही. दादा, ते कोंबडीचं आतडं आहे."

ओल्या कापसात रबराचा तुकडा लपवून मी त्याच्याच पोटावर बोटं दुमडून दाबली. हुबेहूब आत शिरल्यासारखी दिसली, आणि कापसातलं रबर मी पोटातून निघाल्यासारखं ओढून काढलं. दादा हसला नाही.

"म्हणजे माझ्या पोटात काहीच नाही?"

"आहे. एका जंतूने वर्षानुवर्षं जठराला इजा केली, म्हणून तिथे आतड्यासारख्या पेशी आल्या. तुझ्याच आहेत, कुणी घातल्या नाहीत. हा कॅन्सर नाही, पण पुढे त्याचा धोका थोडा वाढतो. मलाही भीती वाटते रे. म्हणून गोळ्या पुऱ्या कर, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून घे."

मी घरून आणलेली गोळी त्याने तिथेच गिळली. मग म्हणाला, "हे यंत्र उचलता येतं का? हॉलबाहेर अजून रांग आहे."

प्रयोगशाळेतल्या साहेबांच्या परवानगीने आम्ही ते रांगेपुढे मांडलं. मी एवढंच म्हणाले, "घाबरलात, त्यात लाज नाही. अहवाल कळला नाही तर डॉक्टरांना दहादा विचारा, मला विचारा. जखम न करता पोट उघडणाऱ्याला मात्र विचारू नका."