सिस्टरांनी हात लावू नये

मी फॅक्स मशीन बोलतोय. दचकू नका आणि कागदही घालू नका, माझ्यातून आता काही येत-जात नाही. पनवेलच्या एका वीस खाटांच्या हॉस्पिटलच्या स्टोअररूममध्ये, गंजलेल्या सलाइन स्टँडला टेकून मी पडलेला असतो. एकेकाळी मात्र माझा थाट असा होता, की पेशंटला बघायला आलेले नातेवाईक आधी मला बघून जायचे.

जन्म माझा जपानातला. त्यामुळे अंगात शिस्त होती, थोडा ताठाही होता. १९९४ साली हॉस्पिटलचे मालक डॉक्टर उदयसिंह मला मुंबईहून घेऊन आले. आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर नव्हता. कोणाच्या छातीत दुखायला लागलं की ईसीजी काढायचा, तो माझ्यातून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवायचा आणि त्यांनी फोनवरून उपचार सांगायचे, अशी योजना होती. पेशंट पनवेलात, डॉक्टर मुंबईत आणि मधे मी. एवढा मान मिळाल्यावर कोणाचं डोकं फिरणार नाही?

कंपनीचा माणूस शिकवायला आला, तेव्हा शिकायला कोण बसलं म्हणता? डॉक्टर, डॉक्टरांच्या मिसेस आणि डॉक्टरांचे मेहुणे गुरुदत्त. हे गुरुदत्त हॉस्पिटलचे मॅनेजर. पद्मजा सिस्टर दारातच उभ्या राहिल्या, कारण वॉर्डातली बेल त्यांना ऐकू यायला हवी होती. ईसीजी काढायचा सिस्टरांनी, त्याच्या लांब पट्ट्या कापून ओळीनं कागदावर चिकटवायच्या सिस्टरांनी, पण तो कागद माझ्यात सरकवायला मॅनेजरच लागणार असं ठरलं. गुरुदत्तनी सुताराकडून माझ्यासाठी काचेची पेटी करून घेतली, तिला पितळी कुलूप लावलं आणि वर चिठ्ठी डकवली: ‘सिस्टरांनी हात लावू नये.’

पद्मजा सिस्टरांचं वय पंचेचाळीस, नोकरी एकवीस वर्षांची. मेट्रनबाई चार-पाच वर्षांत रिटायर होणार होत्या आणि ती जागा आपल्याला मिळावी, ही सिस्टरांची एकच इच्छा होती. तसं त्यांनी एकदा माझ्यासमोरच बोलून दाखवलं.

गुरुदत्त म्हणाले, “सिस्टर, जमाना मशीनचा आहे. ज्याला मशीन येतं, त्यालाच मेट्रन करणार. डॉक्टरांची तशी पॉलिसीच आहे.”

“मग मला शिकवा ना.”

“आणि तुम्ही हात लावून बिघडलं म्हणजे?”

पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असला हा न्याय. मला तेव्हा तो बरोबर वाटला होता, हे कबूल करतो. जपानहून आलेल्या यंत्राला ज्याच्या-त्याच्या हातात जायची हौस नसते.

पण सिस्टर काही साध्या नव्हत्या. गुरुदत्त फॅक्स पाठवायला बसले की त्या औषधांचा ट्रे घेऊन मागे उभ्या राहायच्या आणि कोणतं बटण कधी दाबलं, मी किती वेळा किंचाळलो, हे सगळं ताप लिहायच्या तक्त्यामागे टिपून ठेवायच्या. दुपारी गुरुदत्त जेवायला जाताना बऱ्याचदा कुलूप लावायला विसरत. तेवढ्या अर्ध्या तासात सिस्टर यायच्या. मुंबईला फोन लावला तर बिलात दिसेल, म्हणून त्या माझं नुसतं कॉपीचं बटण दाबायच्या. पेशंटांचे तक्ते, धोब्याची यादी, कॅलेंडरचं पान, हाती येईल ते माझ्यातून काढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कागद उलटा घातला. पंधराव्या दिवशी त्यांनी अडकलेला कागद झाकण उघडून असा अलगद काढला, की तसा गुरुदत्तनी कधी काढला नव्हता.

कागदाचा रोल लवकर संपतोय, हे मात्र गुरुदत्तच्या लक्षात आलं. “हा कागद खातंय तरी कोण?” असं म्हणत त्यांनी माझ्यामागे उंदराचा पिंजरा लावला. त्यात बरेच दिवस सुकं खोबरं होतं. उंदीर काही आला नाही.

पुढच्या वर्षीचा दसरा उजाडला. सकाळी शस्त्रांची पूजा झाली. स्टेथोस्कोप, कात्र्या, ब्लडप्रेशरचं मशीन सगळ्यांना गंध-फूल मिळालं. माझी पूजा गुरुदत्तनी जातीनं केली. झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून झाकण उघडून आतही ओलं हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. मग कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि मुहूर्तावर प्लॉट बघायला ते कामोठ्याला निघून गेले.

साडेबाराच्या सुमारास उरणजवळच्या करंजा गावची शांती आपल्या नवऱ्याला जीपमध्ये घालून घेऊन आली. जगन त्याचं नाव, स्वतःच्या होडीवर मासेमारीला जाणारा पन्नाशीचा गडी. घामानं सदरा ओला झालेला, तरी तोंड चालूच.

“मना काय नाय झाला. गॅस हाय. सोडा पिलो का होईल बरा.”

“बाय, तुमी यांचा ऐकू नका,” शांती म्हणाली. “सकालपासून छाती दुकते न घाम थांबत नाय. डाक्टर कुठं हायत?”

डॉक्टर ऑपरेशन थिएटरात होते, एका पोराचं अपेंडिक्स काढत. पोट उघडलेलं, सोडून येणं शक्य नव्हतं. सिस्टरांनी ईसीजी काढला आणि थिएटरच्या दारातून विचारलं. आतून आवाज आला, “मुंबईला फॅक्स करा ताबडतोब! गुरुदत्तला सांगा!”

गुरुदत्तला सांगायला कामोठ्यात कोण जाणार? सिस्टर माझ्या पेटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. कुलूप फोडलं तर नोकरीचं काय होईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्या वळल्या. गेल्या बहुतेक, असं मला वाटलं. पण त्या ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना घेऊन आल्या आणि दोन घावांत कुलूप उडवलं. दारात शांती उभी होती, तिनं ते पाहिलं.

ईसीजीच्या पट्ट्या उभ्या कागदावर लांबीनं चिकटवलेल्या होत्या. कागद माझ्यात गेला, नंबर लागला, मी किंचाळलो, काम फत्ते. चार मिनिटांत मुंबईचा फोन आला.

“अहो, हे काय पाठवलंय? नेमक्या महत्त्वाच्या पट्ट्यांवरून काळी जाड रेघ गेलीय. काही दिसत नाही!”

सिस्टरांनी हातातला कागद पाहिला. त्यावर रेघ नव्हती. मग त्यांनी माझं झाकण उघडलं. ज्या काचेतून मी कागद वाचतो, तिच्यावर सकाळच्या पूजेचं कुंकू वाळून बसलं होतं. त्या एवढ्याशा टिपक्याची मी मुंबईत हातभर रेघ केली होती. मला लाज वाटली. पूजा करून घेताना मीच फुगलो होतो ना!

“सर, मशीनवर कुंकू आहे. पुसून परत पाठवते. तोवर सांगते, दोन, तीन आणि एव्हीएफ, या तिन्ही पट्ट्यांत एसटीची रेघ वर चढलीय. नाडी बावन्न, प्रेशर शंभरावर साठ.”

“कोण डॉक्टर बोलताय?”

“डॉक्टर नाही, सिस्टर पद्मजा.”

“तुम्हाला ईसीजी वाचता येतो?”

“वाचत नाही सर, बघते. दहा वर्षं पट्ट्या चिकटवतेय.”

बोलता बोलता त्यांनी ट्रेमधला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि माझी काच पुसली. इंजेक्शनच्या आधी पेशंटचा दंड पुसावा तशीच. तो गारवा मला अजून आठवतो. दुसरा फॅक्स स्वच्छ गेला. मोठ्या डॉक्टरांनी गुठळी विरघळवायचं औषध चालू करायला सांगितलं, सिस्टरांनी निरोप थिएटरात पोचवला, टाके घालून डॉक्टर धावत आले आणि औषध सुरू झालं. संध्याकाळी जगन शांतीला विचारत होता, होडी कोणी बांधली का?

दुसऱ्या दिवशी दोन कागद आले. एक मुंबईच्या डॉक्टरांचं सिस्टरांच्या कौतुकाचं पत्र. ते माझ्यातूनच आलं आणि मीच छापलं. दुसरा गुरुदत्तनी टाइपरायटरवर बडवलेला मेमो: विनापरवानगी कुलूप तोडल्याबद्दल सक्त ताकीद. सिस्टरांनी मेमोवर सही केली. “पत्रही फाइलला लावा,” एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ‘हो हो, लावा’ म्हटलं आणि दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये गेले.

आठवड्यानं गावच्या पेपरात माझा फोटो आला. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला गुरुदत्त, मधे मी हार घालून. मथळा होता ‘फॅक्सने वाचवले प्राण’. त्याच दिवशी शांती भलामोठा जिताडा मासा घेऊन आली. गुरुदत्तनी तिला माझ्यापुढे उभं केलं आणि नमस्कार करा म्हणाले. तिनं केला. मग विचारलं, “मशीन तं तवापन हीतंच व्हती. कुलूप फोडनाऱ्या बाय कुठं हायत?” जिताडा सिस्टरांच्या घरी गेला.

चार वर्षं गेली. मेट्रनबाई रिटायर झाल्या. डॉक्टरांनी दोन नवे भागीदार घेतले होते, आणि एका सकाळी तिघं माझ्याच टेबलाशी फाइली घेऊन बसले. पद्मजा सिस्टर समोर उभ्या होत्या. नव्या भागीदारांनी मेमो वाचला. ठळक अक्षरं, कडक कागद, कालच टाइप केल्यासारखा.

“हे काय सिस्टर? मशीनचं कुलूप तोडलंत?”

“सर, त्याच्यामागे पत्र आहे. ते वाचा.”

त्यांनी पान उलटलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. “हा तर कोरा कागद आहे.”

तुम्हाला सांगायलाच हवं, माझ्या पोटात शाई नसते. मी कागदाला चटके देऊन अक्षरं उमटवतो आणि काही वर्षांत ती विरून जातात. ताप उतरावा तशी. जपानी शिस्तीच्या गमजा मारणाऱ्या मला आयुष्यात एकच कागद टिकवायचा होता, तोही टिकवता आला नाही.

डॉक्टर उदयसिंह डोकं खाजवत म्हणाले, “काहीतरी पत्र आलं होतं खरं. नक्की काय होतं, ते काही आठवत नाही.” मेट्रनची जागा संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या दिपिका सिस्टरांना मिळाली. दिपिका चांगली पोरगी, रडवेली होऊन तीच म्हणाली, “बाई, ईसीजी लावायला मला तुम्हीच शिकवलंत.” पद्मजा सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, घड्याळ पाहिलं आणि चारच्या इंजेक्शनांना निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच महिन्यात संगणक आला आणि माझी रवानगी इथे झाली. माझी काही तक्रार नाही. पण त्या पत्रातलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे, कारण ते माझ्यातून गेलंय: ‘काल तुमच्या रुग्णाला सिस्टर पद्मजा यांनी वाचवलं. यंत्रातला दोष त्यांनी शोधला, ईसीजी त्यांनी मला अचूक सांगितला. तुमचं यंत्र त्यांच्या हाती द्या.’

तुमच्यापैकी कोणाकडे शाईचं पेन असेल, तर एवढ्या तीन ओळी साध्या कागदावर उतरवून त्या फाइलला लावाल का? सिस्टर रिटायर व्हायला अजून आठ वर्षं आहेत.